कार्डं वाटून झाली, आता रानात या

प्रति,
बेळगाव जिल्ह्यात शेतीचं काम पाहणारे सर्व अधिकारी,
तसंच निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, हुक्केरी आणि खानापूर भागातून ऊस नेणाऱ्या साखर कारखान्यांचे संचालक आणि शेतकी विभागाचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या सभेत जाहीर करण्यात आलं की मृदा आरोग्य कार्डांचं, म्हणजे माती तपासून दिल्या जाणाऱ्या सरकारी कार्डांचं, वाटप पूर्ण झालं आहे आणि मातीच्या बाबतीत आता वेगळं काही करायचं शिल्लक नाही. पुढच्याच आठवड्यात कारखान्याच्या गट ऑफिसात बैठक झाली. तिथं सांगितलं, येत्या लावणीला सगळ्या सभासदांना एकाच प्रकारचा खतांचा संच मिळेल आणि त्याचे पैसे बिलातून कापून घेतले जातील. माझं रान कसं आहे, शेजाऱ्याचं कसं आहे, हे कोणी विचारलं नाही. हे दोन्ही निर्णय मुकाट्यानं मान्य करणं मला शक्य नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे आणि ते सगळ्यांसमोर ठेवतो आहे, कारण हा प्रश्न माझ्या एका गटनंबरापुरता राहिलेला नाही.

माझं रान निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. आजोबांच्या काळात वरच्या टप्प्यात तंबाखू आणि ज्वारी होती, खाली नदीकडं थोडा ऊस. पुढं नदीवरून पाइपलाइन आली आणि लावण, खोडवा, पुन्हा लावण असं चक्र सुरू झालं. त्या उसावर आमची घरं उभी राहिली, मुलं शिकली. ते मी विसरलेलो नाही. पण आज त्याच रानाच्या खालच्या टप्प्यात उन्हाळ्यात पांढरी मीठफुटी दिसते. ऊस गुडघ्याएवढा झाला की थांबतो, पानांवर केवडा पडतो, म्हणजे ती पिवळी-पांढुरकी पडतात. पाऊस पडला की चिखल, उघडीप मिळाली की ढेकळं दगडासारखी. वाफसा येतो तो दोन-चार दिवसांपुरता. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी वरून गाळ टाकला, तर काही ठिकाणी चांगली माती खरवडून नेली. वरच्या टप्प्यात मात्र यातलं काहीच नाही. तिथली माती हलकी, मुरमाड, पाणी दिलं की खाली उतरून जातं.

माझी बहीण येळ्ळूरला दिली आहे. तिच्याकडं भात आणि भातानंतर ओलीवर मसूर. आईचं माहेर खानापूर तालुक्यात जांबोटीकडं, तिथं लाल माती आणि धो धो पाऊस. म्हणजे एकाच जिल्ह्यात, आमच्या एकाच नात्यागोत्यात, तीन तऱ्हेच्या माती आणि तीन तऱ्हेची दुखणी आहेत. तिन्ही घरांत कार्डं आहेत. तिन्ही घरांत शेवटी सल्ला मिळाला तो एकच: युरिया, डीएपी, पोटॅश आणि वर थोडं सूक्ष्म अन्नद्रव्य.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगडमध्ये ही कार्डाची योजना सुरू झाली. आम्लता, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन असे बारा घटक तपासून शेतकऱ्याच्या हातात कागद द्यायचा, ही कल्पना मोलाची होती. त्याआधी कर्नाटकानं २००९ पासून भूचेतना कार्यक्रमात माती तपासून जस्त, बोरॉन, गंधकाची कमतरता शोधली होती. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा उपयोग झाला. तेव्हा तपासणीच नको असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तपासणी पुरेशी नाही आणि ती जिथं थांबते तिथूनच खरं काम सुरू होतं, हे मला सांगायचं आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार नमुन्याची. योजनेच्या नियमाप्रमाणे बागायती भागात अडीच हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा आणि हिरण्यकेशीच्या काठांवर सव्वासहा एकरांत किती जणांची रानं येतात हे आपल्याला माहीत आहे. वाटण्या होत होत गुंठ्यांवर आलेली शेती आहे आमची. त्या चौकटीत रस्त्याकडचं मुरमाड रान येतं, मधली काळी जमीन येते आणि नदीकडची चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडून घट्ट झालेली, जमीनही येते. आमच्या बांधाला लागून असलेल्या तिघांची कार्डं मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आकडे अक्षरशः सारखे. नाव, उतारा वेगळा. माती एकच दाखवलेली. त्यांतल्या एकाच्या रानात उसाला चांगलं टनेज पडतं आणि दुसऱ्याच्या रानात गवतही धड येत नाही. राज्यभराचा नकाशा काढायला असा नमुना चालेल. एका शेतकऱ्यानं यंदा काय टाकावं हे त्यावरून सांगता येत नाही, आणि कार्डावर तर नेमकं तेच छापलेलं असतं.

शिवाय नमुना घेण्याची रीत असते. बांध, झाडाखालची जागा, शेणखताचा ढीग, विहिरीचा काठ टाळायचा. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, कडेची माती तासून घ्यायची, घमेल्यात एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणायची आणि सावलीत वाळवायची. खताच्या रिकाम्या पोत्यात भरायची नाही. नुकतंच खत टाकलेल्या रानातून घ्यायची नाही. जस्त तपासायचं असेल तर पत्र्याची बादली वापरायची नाही. यातली एक गोष्ट चुकली तरी प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र चुकीच्या मातीचा बरोबर आकडा देतं. आमच्याकडं नमुना घ्यायला आलेला माणूस रस्त्याकडच्या कोपऱ्यातून एक मूठ घेऊन गेला. त्याला दोष देत नाही. एका दिवसात त्याला किती गावं उरकायची होती ते त्यानं मला सांगितलं होतं.

दुसरी तक्रार सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे. बिघडलेल्या जमिनीचं निदान करायला जे लागतं ते त्या बारा घटकांत नाही.

नदीकाठची जमीन बिघडते ती तीन प्रकारे. कुठं पाणी खाली उतरत नाही, मुळांजवळ साचून राहतं, ती पाणथळ. कुठं त्या वर आलेल्या पाण्याबरोबर क्षार येतात आणि पाणी उडून गेलं की ते पृष्ठभागावर उरतात, ती क्षारपड. आणि कुठं सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी आणि हवा दोन्ही अडतात, ती चोपण. पुष्कळदा तिन्ही एकाच रानात असतात. पण उपचार एक नाही. निव्वळ क्षारपड जमिनीला जिप्समची गरज नसते. तिला निचरा लागतो आणि क्षार धुऊन न्यायला गोडं पाणी लागतं. चोपण जमिनीला जिप्सम लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतं. पण हुसकावलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर तो तिथंच राहतो आणि जिप्समचे पैसे पाण्यात जातात. पाणथळ जमिनीला आधी चर लागतो, बाकी सगळं नंतर.

हे ओळखायला काय लागतं? मातीच्या कणांवर सोडियमचं प्रमाण किती आहे ते, म्हणजे विनिमययोग्य सोडियम. ते साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं आणि सामू (आम्लता मोजणारा आकडा, पीएच) ८.५ च्या पुढं असला तर जमीन चोपणाकडं झुकली आहे. कार्डावर सामू आहे, हा सोडियम नाही. चुनखडीचं प्रमाण लागतं, कारण चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद अडकून पडतं आणि लोह असूनही उसाला घेता येत नाही. कार्डावर चुनखडी नाही. भूजल किती फुटांवर आहे ते लागतं. उन्हाळ्यात पाच फुटांच्या आत पाणी असेल तर ते क्षार वर आणत राहणारच. कार्डावर त्याची नोंद नाही. विहिरीचं आणि नदीचं पाणी लागतं, कारण क्षार पाण्यातूनही येतात. पाण्याची तपासणी योजनेत नाही. आणि वरच्या सहा इंचांच्या खाली काय आहे ते लागतं, कारण उसाची मुळं सहा इंचांवर थांबत नाहीत.

मग काय होतं? पान पिवळं पडलं की आम्ही हिराकसची (लोहाच्या खताची) फवारणी करतो. आठवडाभर हिरवं दिसतं, पुन्हा केवडा. उसाला खत कमी पडलं असं वाटून युरियाचं आणखी एक पोतं पडतं. ज्या रानात मुळांना श्वास घेता येत नाही, तिथं खत वाढवून उपयोग काय?

तिसरी तक्रार, सल्ला कुठून मिळतो याची. माती बघणारं कोणी नसलं की सल्ला दुकानाच्या काउंटरवर मिळतो. शेतकरी लक्षण सांगतो, दुकानदार बाटली काढून देतो. दुकानदारानं माती पाहिलेली नसते आणि त्याचं पोट विक्रीवर असतं. त्याच्याकडून निदानाची अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्याय आहे. युरिया हवा असेल तर सोबत दुसरं काहीतरी घ्यावंच लागतं, हा अनुभव तर गावोगावचा आहे. आणि आता कारखानाही तेच करणार? चोपण रानाला, मुरमाड रानाला आणि गाळाच्या रानाला एकच संच? कारखान्याकडं प्रत्येक प्लॉटची लावणीची तारीख, उसाची जात, गेल्या हंगामांचं टनेज, सगळी नोंद आहे. कोणत्या रानाचं टनेज वर्षागणिक घसरतंय हे चिटबॉयच्या, म्हणजे उसाची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, वहीत दिसतं. जिल्ह्यात मातीच्या आजाराची एवढी जुनी आणि एवढी बारीक नोंद दुसऱ्या कोणाकडं नसेल. ती नोंद तोड कधी द्यायची यासाठी वापरली जाते, निदानासाठी कधीच वापरली गेलेली नाही.

चौथी तक्रार भाषेची. ती मी जपून मांडतो, कारण आमच्या भागात हा विषय निघाला की मूळ मुद्दा बाजूला पडतो. कन्नडबद्दल आमची तक्रार नाही. बाजारात, बँकेत, बसमध्ये आम्ही कन्नड बोलतो, पोरं शाळेत शिकतात, आमचे अनेक सोयरे कन्नड घरातले आहेत. पण आमच्या गावात रान कसणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना कन्नड वाचता येत नाही. हेक्टरी किती किलो, कोणतं खत, कोणत्या वेळी, हे वाचताच आलं नाही तर तो कागद पत्र्याच्या पेटीत जाऊन पडतो. केंद्राच्या पोर्टलवर हे कार्ड अनेक भारतीय भाषांत काढता येतं. कन्नडच्या शेजारी मराठी छापायला कुणाचा काय तोटा आहे? याला सीमाप्रश्न समजू नये. हा खताच्या मात्रेचा प्रश्न आहे.

पाचवी तक्रार थोडक्यात: कोणी परत येत नाही. घरातली म्हैस चारा खाईना झाली तर जनावरांचा डॉक्टर गोठ्यात येतो, पोटाला कान लावतो, काय खाल्लं विचारतो, औषध देतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बघतो. मातीच्या बाबतीत यातलं शेवटचं पाऊल तर नाहीच, पहिलंही नाही.

आता येळ्ळूर आणि जांबोटीचं सांगतो, म्हणजे हे केवळ ऊसवाल्यांचं रडगाणं आहे असं कोणाला वाटणार नाही.

बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात शिरतं हे बेळगावात सगळ्यांना ठाऊक आहे. बासमतीसाठी नाव असलेलं हे शिवार. त्या पाण्यासोबत शहराचं सांडपाणी येतं. सांडपाण्यात नत्र असतं. भात तरारून वाढतो आणि दाणे भरायच्या वेळी आडवा होतो. बहिणीच्या कार्डावर मात्र नत्राची पूर्ण शिफारस आहे. तिथं विचारायचा प्रश्न असा की पाण्यातून आधीच किती नत्र आलं, त्या गाळात जड धातू आहेत का, आणि पाणी किती दिवस उभं होतं. हे प्रश्न कार्ड विचारत नाही. शिवारात जाऊन उभा राहिलेला माणूसच विचारू शकतो.

खानापूरच्या पश्चिमेला उलटं. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबी पट्ट्यात पाऊस इतका की मातीतला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन जातो आणि माती आम्ल होते. अशा लाल मातीत टाकलेलं स्फुरद लोह आणि अॅल्युमिनियमशी बांधलं जातं. पिकाला मिळतं थोडं. मामाच्या रानात डीएपीची मात्रा वाढवत नेली तरी फरक दिसेना, त्याचं एक कारण हेच असणार. तिथं चुना किंवा डोलोमाइट लागतं का, किती लागतं, हे वेगळ्या तपासणीनं ठरतं. त्यातही बारकावा आहे. भाताच्या खाचरात पाणी उभं राहिलं की आम्लता आपोआप उतरते, म्हणून तिथं चुन्याची गरज कमी. त्याच शेतकऱ्याच्या माळावरच्या रताळ्याला आणि नाचणीला ती जास्त असू शकते. एकाच घराच्या दोन तुकड्यांना दोन सल्ले लागतात. निपाणीत जिप्सम, जांबोटीत चुना आणि येळ्ळुरात कदाचित खत कमी करणं, हा या जिल्ह्याचा मातीचा नकाशा आहे. तो एका संचात बसत नाही.

मग हवं काय? मातीचं निदान आणि उपचार टप्प्याटप्प्यानं, एका जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली व्हावेत. हे स्वप्नरंजन नाही. नदीपलीकडं शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना गावनिहाय एकत्र करून क्षारपड जमिनी सच्छिद्र पाइपच्या निचऱ्यानं सुधारण्याचं काम केलं आहे. पिकं सोडून दिलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. माझ्या मेहुण्याचं रान त्या भागात आहे, म्हणून मी हे जवळून पाहिलं. नदी तीच, काळी माती तीच, ऊसही तोच. मग नदीच्या अलीकडं, आमच्याकडं, हे का होऊ नये?

टप्पे मला समजतात ते असे. यात कृषी शास्त्रज्ञांनी भर घालावी, दुरुस्ती करावी.

माणूस आधी रानात येऊन ऐकेल. कोणती पिकं घेतली, पाणी कधीपासून, कुठून, किती, खत किती, टनेज कोणत्या वर्षापासून उतरलं, पुराचं पाणी किती दिवस होतं, मीठ आधी कोणत्या कोपऱ्यात फुटलं. शेतकऱ्याला हे सगळं माहीत असतं, त्याला कोणी विचारत नाही. पुष्कळदा अर्धं निदान या बोलण्यातच होतं.

मग खड्डा. किमान तीन फूट खोल, चांगल्या जागी एक आणि बिघडलेल्या जागी एक. मुळं कुठं थांबली, नांगराच्या तळाशी घट्ट थर बसला आहे का, मातीत तांबूस-निळसर डाग आहेत का (पाणी साचत असल्याची ती खूण), गांडुळं दिसतात का, तळाला पाणी लागतं का, हे डोळ्यांनी दिसतं. वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्यात सोडायचं. भोवती दुधाळ गढूळपणा पसरला आणि तो तासन्‌तास खाली बसला नाही तर सोडियमचा संशय घ्यायचा. याला यंत्र लागत नाही. मला वाटतं सगळ्या प्रक्रियेत या टप्प्याला सर्वांत कमी पैसे लागतात आणि तोच सर्वांत आधी गाळला जातो.

त्यानंतर नमुने. रानाचे जसे तुकडे दिसले तसे वेगळे नमुने. नेहमीच्या पिकांना सहा इंच, उसाला फूटभर, आणि क्षाराचा संशय असेल तिथं थराथरानं तीन फुटांपर्यंत. सोबत पाण्याचा नमुना. बारा घटकांबरोबर विनिमययोग्य सोडियम, चुनखडी, आणि चोपण निघाली तर जिप्समची नेमकी गरज. आम्ल निघाली तर चुन्याची गरज.

अहवाल आला की तो टपालानं पाठवायचा नाही. बसून समजवायचा, शेतकऱ्याच्या भाषेत, त्याच्या बांधावर. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला म्हणजे काय, जस्त ०.६ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ०.६ भाग) खाली म्हणजे काय, हे कळलं की माणूस स्वतः प्रश्न विचारायला लागतो.

उपचाराला क्रम असतो आणि तो क्रम सगळ्यात महत्त्वाचा. आधी पाण्याला वाट. मग जिप्सम लागत असेल तर ते, पाणी भरून क्षार धुणं, मग ताग किंवा धैंचा फुलोऱ्याच्या आधी गाडणं, मग क्षार सोसणारं पीक, आणि शेवटी ऊस. खर्च परवडेल तेवढ्या गुंठ्यांवर आधी करून बघायचं आणि शेजारी एक पट्टा जसाच्या तसा ठेवायचा, म्हणजे फरक कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही.

आणि परत येणं. त्याच जागी, त्याच महिन्यात, निदान तीन वर्षं पुन्हा नमुना. बिघडायला चाळीस वर्षं लागलेली जमीन एका हंगामात सुधारणार नाही, हे आम्हाला समजतं. आम्ही चमत्कार मागत नाही.

पाण्याच्या वाटेबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जमिनीखालचे सच्छिद्र पाइप साधारण तीन-चार फूट खोल टाकतात आणि त्यांचं पाणी कुठंतरी नाल्यात सोडावं लागतं. माझ्या रानाचं पाणी बाहेर जायला खालच्या चौघांच्या रानातून जावं लागतं आणि पुढचा नाला मोकळा असावा लागतो. आमच्या शिवारातले नाले गाळानं भरलेत, काही ठिकाणी नांगरून रानात मिळवलेत. एकटा शेतकरी कितीही शहाणा, कितीही पैसेवाला असला तरी निचरा एकट्यानं करू शकत नाही. म्हणून हा प्रश्न आपल्या दारात आणला आहे. बी-बियाणं आमचं आम्ही बघतो. नाला मोकळा करणं सरकारचंच काम आहे.

आमच्या मागण्या अशा.

१. कारखान्यांनी सरसकट खतसंचाचा निर्णय मागे घ्यावा. ज्याला संच हवा त्याला द्यावा; बिलातून सक्तीनं कापू नये.

२. कृषी खात्याच्या प्रत्येक रयत संपर्क केंद्रावर मातीचा एक सल्लागार नेमावा, ज्याचं काम कार्डांच्या संख्येवर मोजलं जाणार नाही. किती रानं पाहिली, किती रानांत परत गेला आणि काय बदललं, यावर ते मोजावं. गावागावांत बी.एस्सी. अॅग्री झालेली पोरं-पोरी नोकरीची वाट बघत बसली आहेत. त्यांना प्रशिक्षण द्या. अॅग्री क्लिनिकची केंद्राची योजना २००२ पासून आहे, तिचाही आधार घेता येईल.

३. नदीकाठच्या गावांत तपासणीत विनिमययोग्य सोडियम, चुनखडी आणि पाणी यांचा समावेश करावा. खानापूर पट्ट्यात चुन्याच्या गरजेचा. बळ्ळारी नाल्याच्या शिवारात सांडपाण्याचा आणि जड धातूंचा. नमुना चौकटीचा नको, रानाचा हवा.

४. नाल्यांची मोजणी करून अडवलेले, बुजलेले नाले मोकळे करावेत आणि गावगटानं निचरा प्रणाली घेणाऱ्यांना अनुदान आणि कमी व्याजाचं कर्ज मिळावं. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून याच विषयावर काम करते. तिच्या तज्ज्ञांना कृष्णा आणि दूधगंगेच्या काठावर आणावं.

५. कार्ड आणि सल्ला कन्नडसोबत मराठीत द्यावा.

६. कारखान्यांनी टनेजच्या जुन्या नोंदी शेतकऱ्याला आणि सल्लागाराला खुल्या कराव्यात. आणि पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळायला लागू नये म्हणून तोडीनंतर कुट्टीयंत्र भाड्यानं द्यावं. एका हेक्टरातून ८ ते १० टन पाचट निघतं; ते पेटवलं की कर्ब आणि नत्र धुरात जातं आणि मग आम्ही पुन्हा सेंद्रिय कर्ब कमी म्हणून रडतो.

७. शेतीची थ्री फेज वीज दिवसा मिळावी. रात्री वीज आली की मोटर चालू करून माणूस झोपतो आणि पाणी रात्रभर सरीतून वाहत राहतं. हा विषय आपल्या खात्याचा नाही असं उत्तर मिळेल. पण पाणथळ जमिनीचं एक मूळ तिथं आहे, म्हणून लिहिलं.

यातल्या कशालाही नवी संस्था उभारावी लागत नाही. धारवाडचं कृषी विद्यापीठ आहे, त्याची संशोधन केंद्रं संकेश्वर आणि निपाणीत आहेत. मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, जरी ते आमच्यापासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी. बेळगाव शहरात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. ज्ञान आहे, प्रयोगशाळा आहेत. त्यांच्यापासून आमच्या बांधापर्यंत येणारा माणूस तेवढा नाही.

आमच्या बाजूनं आम्ही काय करू तेही सांगतो. आमच्या शिवारातले काही शेतकरी एकत्र येऊन नाल्याकडचा सलग तुकडा प्रयोगासाठी द्यायला तयार आहेत. खड्डे आम्ही काढू. नमुने सांगाल त्या रीतीनं घेऊ. निचऱ्याच्या खर्चातला आमचा वाटा उचलू, पाइपलाइन एकमेकांच्या रानातून जाऊ देऊ आणि तसं लिहून देऊ. पाणी मोजून द्यायला, ठिबक घ्यायला तयारी आहे. फ्रूट्स (कर्नाटक सरकारची शेतकरी नोंदणी), उतारे, सगळी कागदपत्रं तयार आहेत. आलेले आकडे, चांगले असोत की वाईट, गावात फळ्यावर लिहू.

उसाची तोड संपली की रानं मोकळी होतात. नमुने घ्यायला, खड्डे काढायला आणि भूजल मोजायला उन्हाळ्याचे ते थोडे आठवडेच असतात. एकदा वळीव पडला की वर्ष गेलं. म्हणून तोड संपायच्या आत आपण, कारखान्यांचे शेतकी अधिकारी, विद्यापीठाचे मृदाशास्त्रज्ञ आणि नदीकाठच्या गावांतले शेतकरी यांची एकत्र बैठक बोलवावी. ती कार्यालयात न घेता आमच्या शिवारात घ्यावी. आणि या सात मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती नाही आणि का, याचं लेखी उत्तर द्यावं.

कळावे,

आपला,
दूधगंगाकाठचा एक ऊस उत्पादक शेतकरी
ता. निपाणी, जि. बेळगाव